दहा फुटांवरून वाचायची गाणी

प्रांजल थोरातची गाणी मला पहिली दोन वर्षं अजिबात आवडली नाहीत, हे आधीच सांगून टाकते. गेल्या महिन्यात तिच्या बँडचा पहिला अल्बम आला, आणि पुण्यातल्या कुणा पोरानं त्याखाली लिहिलं की तुम्ही सोपे झालात, पूर्वीची ती गूढता राहिली नाही. हा पोरगा त्या गूढतेबरोबर एका खोलीत राहिलेला नाही. मी राहिले आहे. शिक्रापुरात, चाकण चौकापासून आत, दहा बाय बाराच्या खोलीत, जिथं एकीनं गुणगुणलं की दुसरीची सुटका नसते. म्हणून हे सोपं होणं किती अवघड गेलं, ते मीच सांगितलेलं बरं.

आम्ही दोघी सणसवाडीच्या एका कंपनीत प्रेसशॉपला आहोत. ती क्वालिटीला, मी पॅकिंगला. पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढणाऱ्या सहा मोठ्या प्रेस तिथं ओळीनं उभ्या आहेत, आणि प्रत्येक प्रेस दर चार सेकंदांनी धाडकन आपटते. आठ तास हे ऐकून आलेल्या माणसाला घरी शांतता लागते. प्रांजलला गिटार लागायची.

बँडचं नाव ‘खोली नंबर अकरा’. आमच्या घरमालकाच्या चाळीतली अकरा नंबरची खोली ओल येते म्हणून भाड्यानं जात नव्हती. मालकाचा मुलगा विश्वजीत गिटार वाजवायचा, त्यानं ती बापाकडून मागून घेतली. आमच्याच कंपनीत फोर्कलिफ्ट चालवणारा हृतिक ड्रम वाजवायला आला, आणि गाणी लिहायला व गायला प्रांजल. गुरुवारी आमच्या पट्ट्यातल्या कंपन्यांना सुट्टी असते, तेव्हा दर गुरुवारी अकरा ते चार अकरा नंबरमध्ये यांचा दंगा चाले. गाणी नऊ-नऊ मिनिटांची. त्यात चौथ्या मिनिटाला ‘अनामिक विवर’ असे दोन शब्द येत आणि मग परत गिटार. मी एकदा अर्थ विचारला, तर बाईसाहेब म्हणाल्या की समजलंच पाहिजे असं कुठं आहे. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, मग कशाला गातेस, प्रेस काय वाईट आहे?

त्यावर तिनं जे सांगितलं, त्यासाठी आधी तिचे वडील सांगावे लागतील.

प्रांजल दौंड तालुक्यातल्या खुटबावची. घरी अडीच एकर ऊस, दोन म्हशी, आई सुलक्षणाबाई आणि वडील आनंदराव. सगळं गाव त्यांना आण्णा म्हणतं, म्हणून मीही. आण्णांनी चोवीस वर्षं आमच्याच पट्ट्यातल्या एका कंपनीत प्रेस चालवली. सकाळी राहूमार्गे कंपनीच्या बसनं जायचं, संध्याकाळी परत येऊन उसाला पाणी धरायचं. त्या कंपनीत तेव्हा कानात घालायचे बोळे मोठ्या साहेबांचा दौरा असला की वाटत आणि दौरा संपला की मोजून परत घेत. व्हायचं तेच झालं. आधी डावा कान गेला, मग उजवा. कानाचं मशीन मिळालंय, पण ते शिट्टी मारतं म्हणून कपाटात देवीच्या फोटोमागं पडलेलं असतं.

लहानपणी प्रांजल रोज फाट्यावर बसची वाट बघत उभी राहायची. आण्णा उतरले की त्यांच्या हातातली डब्याची पिशवी घ्यायची आणि घर येईपर्यंत दिवसभराचं सगळं सांगायची. आण्णा हसायचे, मान डोलवायचे. त्यातलं बरंचसं त्यांना ऐकूच येत नव्हतं, हे तिला आठवीत कळलं. त्या वर्षी शाळेच्या गॅदरिंगला ती गायली. आण्णा पहिल्या रांगेत बसले होते. घरी आल्यावर कौतुकानं म्हणाले, लय भारी म्हणलीस, स्पीकर तेवढा बारका होता. स्पीकर बारका नव्हता. मागच्या रांगेतल्या बायका कानावर हात ठेवून बसल्या होत्या.

त्यानंतर तिचं एकही गाणं आण्णांपर्यंत पोचलं नाही.

“आण्णांना ऐकू येत न्हाई, धने,” ती त्या दिवशी मला म्हणाली. “मग मी कुणाला कळावं म्हणून लिव्हू?”

माझं नाव धनश्री. मी शिरूरची, वाद घालण्यात सहसा कुणाला हार जात नाही. त्या दिवशी मुकाट्यानं भांडी घासायला घेतली.

मात्र एक शिकवण आण्णांनी तिला दिली होती. ती कामाला लागली त्याच्या आदल्या दिवशी अंगणात समोर उभं करून त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या. “प्रेसशॉपात आवाज चालत न्हाई, तोंड चालतं. समोर हुभी ऱ्हा. हात तोंडाम्होरं आणू नगं. आन् शबुद बारका ठिव.”

हे खरं आहे. आता कानात बोळे घालणं सक्तीचं आहे, त्यावर हेडफोनसारखं झाकणही चढवतो. त्यामुळं प्रेसशॉपात कुणी आवाज काढतच नाही. ओरडून घसा बसतो, आणि समोरच्याला तरीही कळत नाही. आम्ही नुसते ओठ हलवतो आणि एकमेकींचे ओठ वाचतो. जेवायला चल. पेटी भरली. साहेब आला. नवीन मुलीला हे जमायला सहा महिने लागतात. प्रांजलला पहिल्या दिवसापासून जमत होतं, कारण घरी आण्णांशी कामापुरतं बोलायची तीच रीत होती. औषध घेतलं का, पाणी तापलंय, मामा आलाय. यापलीकडं काही ओठांवरून सांगता येईल, असं तिच्या मनात कधी आलं नव्हतं.

आता अल्बमचं. मागच्या वर्षी गणपतीनंतर या तिघांना पुण्यातल्या एका लहानशा स्टुडिओनं बोलावलं. तिथले विक्रमदादा नव्या बँडचे पहिले अल्बम काढून देतात. त्यांनी दहाच्या दहा गाणी डोळे मिटून ऐकली आणि म्हणाले, चाली छान आहेत, पण ऐकणाऱ्याला आत यायला दार कुठं आहे? एक महिन्यानं रेकॉर्डिंगला या, तोवर बघा काय करता येतं. परत येताना विश्वजीत शिक्रापूर येईपर्यंत धुसफुसत होता. लोकांना आवडावं म्हणून आपण बदलायचं का, असलं काही. हृतिक दोघांच्या मध्ये बसून दोघांनाही हो म्हणत होता.

त्याच आठवड्यात एक पिशवीची गंमत झाली. मी पॅकिंगच्या टेबलावर होते, ती समोर क्वालिटीच्या टेबलावर, मध्ये दहा फूट अंतर आणि एका बाजूला चार नंबरची प्रेस. बघते तर ती माझ्याकडं तोंड करून म्हणतेय, पिशवी माझ्या हाती द्या. मला जरा नवल वाटलं, ही मला ‘द्या’ कधीपासून म्हणायला लागली. पण मागितली तर द्यावी. मी टेबलावरची प्लास्टिकची एक पिशवी घेतली, तिच्या टेबलापाशी गेले आणि तिच्या हातात दिली. ती माझ्याकडं बघतच राहिली. हातातला पत्र्याचा तुकडा तिनं खाली ठेवला आणि ओठांनीच विचारलं, तुला कसं कळलं? मी म्हटलं, तूच म्हणालीस.

ती म्हणाली नव्हती. ती गात होती. नवीन गाणं लिहायला घेतलं होतं, त्यातली ओळ कामाच्या नादात तोंडातल्या तोंडात घोळवत होती. म्हणजे दोन वर्षं खोलीत मोठ्यानं ऐकून जे मला कळलं नाही, ते दोन्ही कान बंद असताना कळलं. जेवणाच्या सुट्टीत तिनं डबा उघडलाच नाही.

“धने, तू वाचलंस,” ती म्हणाली. “मग आण्णाबी वाचतील.”

त्या दिवसापासून आमच्या लाईनवर गाण्यांची क्वालिटी सुरू झाली. प्रत्येक ओळ ती दहा फुटांवरून ओठांनी म्हणायची आणि सुट्टीत मी ती परत म्हणून दाखवायची. म्हणता आली तर ओळ पास. नाही आली तर रिजेक्ट. मी काही सूट दिली नाही, मनातला दोन वर्षांचा राग होताच. ‘अनामिक’ पहिल्याच दिवशी गेलं. ‘विवर’ मला वाचता आलं नाही, हाऊसकीपिंगच्या सरूबाईंनाही नाही. सरूबाईंनी सुट्टीत विचारलं, त्ये काय म्हंत हुतीस? प्रांजलनं सांगितलं, विवर म्हणजे खोल खड्डा. “मंग खड्डा म्हन की,” सरूबाई म्हणाल्या आणि झाडू घेऊन गेल्या. पंधरा दिवसांत सगळी लाईन यात ओढली गेली. चार नंबरवरचा बिहारचा ऑपरेटर, ज्याला मराठी धड येत नाही, तोही ‘बस थांबली’ आलं की अंगठा दाखवायचा.

हे करताना ती रडकुंडीला येई, तेही सांगायला हवं. एकेक शब्द तिनं जपून ठेवलेला असायचा आणि मी मान हलवली की तो जायचा. एकदा चिडून म्हणाली, तुला काय, तुझं काय जातंय. पण दुसऱ्या दिवशी तीच ओळ बारक्या शब्दांत घेऊन समोर उभी. आणि खरं म्हणजे शब्द बारके झाले तसं तिला काय म्हणायचंय ते तिलाच दिसायला लागलं होतं. जड शब्दांमागं ती काही तरी झाकून बसली होती, ते बाहेर यायला लागलं.

अकरा नंबरमध्ये मात्र भडका उडाला. नवीन गाणी ऐकून विश्वजीत म्हणाला की आपण अंगणवाडीचं पुस्तक काढतोय का? विक्रमदादांच्या एका शब्दावर तू एवढी वाकलीस? एका गुरुवारी तर तो गिटार भिंतीला टेकवून निघालाच होता. प्रांजलनं भांडण केलं नाही. खिशातून कानाचे बोळे काढून त्याच्या हातावर ठेवले आणि कानात घालायला लावले. हृतिकला सांगितलं, जेवढ्या जोरात वाजवता येईल तेवढं वाजव. मग समोरच्या भिंतीशी जाऊन तिनं जुनं गाणं म्हटलं. चाल विश्वजीतची स्वतःची, तरी कुठली ओळ चाललीय हे त्याला सांगता येईना. मग तिनं त्याच चालीवरचं नवीन म्हटलं, चारच ओळी.

बस थांबली, आण्णा उतरा,
पिशवी माझ्या हाती द्या.
सांगते ते ऐकू नका,
नुसतं माझ्याकडं बघा.

विश्वजीतनं बोळे काढले. आण्णांना तो ओळखत होता, दोनदा खुटबावला जाऊन जेवून आला होता. ते बोटांत फिरवत म्हणाला, हे आधी सांगायला काय झालं होतं. त्याच दुपारी त्यानं त्या गाण्याची चाल सरळ केली आणि ती गाते तिथं गिटार जवळजवळ थांबवून टाकली. नऊ मिनिटांचं गाणं साडेतीन मिनिटांवर आलं. दहापैकी एक गाणं काही केल्या सोपं होईना, ते सोडून दिलं. नऊ राहिली.

रेकॉर्डिंगच्या दिवशी मीही गेले होते. विक्रमदादांनी प्रांजलला काचेपलीकडच्या खोलीत उभं केलं, समोर माईक, कानांवर मोठे हेडफोन. आम्ही काचेच्या अलीकडं. विश्वजीत आठवण म्हणून मोबाईलवर तिचा व्हिडिओ काढत होता. दादांनी खूण केली, संगीत सुरू झालं आणि ती गायला लागली. काय गायली. तोंड मोकळं, शब्द स्वच्छ, मला तर डोळ्यांत पाणी आलं. बघते तर विक्रमदादा वायर उपसतायत. त्यांनी एक वायर बदलली, मग दुसरी. मग आत जाऊन माईकच बदलला. गाणं पहिल्यापासून सुरू केलं आणि ती परत तशीच मन लावून गायली, तर दादा डोकं धरून बसले. म्हणाले, सकाळपर्यंत चालू होतं सगळं, आता टिपूसभर आवाज येत नाहीये.

मला गाण्यातलं सगळं कळत होतं, म्हणून माझ्याही लक्षात यायला वेळ लागला.

“दादा, तुमचा माईक चांगला आहे,” मी म्हटलं. “कान झाकले की आम्ही आवाज काढत नाही.”

आधी कुणाला पटेना. मग काचेवर टकटक करून तिला बाहेर बोलावलं आणि विचारलं, तर ती शरमेनं लाल. आपण गातोय असंच तिला वाटत होतं. हृतिक जमिनीवर बसून हसला. दादांनी तिचा एक कान मोकळा ठेवला, तेव्हा कुठं आवाज निघाला आणि पुढचं रेकॉर्डिंग सुरळीत झालं.

येताना विश्वजीतनं सगळ्यांना हसायला म्हणून तो व्हिडिओ लावला. मोबाईलचा आवाज बंद ठेवून, कारण त्यात ऐकण्यासारखं काही नव्हतंच. साडेतीन मिनिटं नुसता प्रांजलचा चेहरा. समोर बघणारा, हात खाली, शब्द बारके. हसता हसता ती गप्प झाली. तिनं तो स्वतःच्या मोबाईलवर घेतला.

पुढच्या गुरुवारी तिनं मला स्कूटीवर मागं बसवलं. तळेगाव ढमढेऱ्यावरून, नदी ओलांडून, राहूमार्गे खुटबाव. फाट्यावर, जिथं कंपनीची बस थांबायची, तिथं तिनं गाडी थांबवली आणि म्हणाली, न्हाई वाचता आलं त्यांना, तर? मी म्हटलं, तर काय, परत करू. तिनं मान हलवली. “न्हाई. मग मी परत न्हाई लिव्हणार. चौदा वर्षं झाली, धने. आता आणखी न्हाई व्हायचं.” ती हे खरंच बोलत होती.

आण्णा अंगणात खाटेवर बसून म्हशीचा दोर वळत होते. सुलक्षणाकाकूंनी चहा दिला. एक तास गेला, बोलण्यात उसाची तोड झाली, पाहुण्यांची लग्नं झाली, प्रांजलचा मोबाईल पिशवीतच. शेवटी मला राहवलं नाही. मीच तो काढला, व्हिडिओ लावला आणि आण्णांच्या हातात दिला. काकू मागून म्हणाल्या, उगं कशाला, त्यास्नी काय कळायचंय. मग सवयीनं पुढं येऊन आवाज वाढवायला लागल्या. आण्णांनी त्यांचा हात बाजूला केला. “आवाज कशाला?”

त्यांनी मोबाईल हातभर लांब धरला, चष्मा वर सरकवला. प्रांजल दाराची चौकट धरून उभी होती. पहिली काही सेकंदं काहीच झालं नाही. मग आण्णांचे ओठ हलायला लागले. मग आवाजही आला. बहिऱ्या माणसाचा असतो तसा सपाट, गरजेपेक्षा मोठा, चाल नाही की सूर नाही.

“बस थांबली. आण्णा, उतरा. पिशवी माझ्या हाती द्या.”

काकू पदर तोंडाशी धरून जिथल्या तिथं थांबल्या. आण्णा एकेक ओळ मोठ्यानं वाचत गेले, शाळेतलं पोर धडा वाचतं तसं. तिसऱ्या कडव्यापाशी अडले. बोटानं मागं नेऊन परत लावायला गेले, ते त्यांना जमलं नाही, मी लावून दिलं. परत तिथंच अडले. मी प्रांजलकडं बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. आण्णांनी मोबाईल मांडीवर ठेवला आणि तिच्याकडं वळले.

“तिसऱ्या कडव्याला मान खाली घातलीस,” ते म्हणाले. “तुला सांगितलं हुतं, समोर बघायचं.”

ती रडत होती आणि हसत होती, दोन्ही. तिनं डोळे पुसले, अंगणात उतरली, मागं मागं जात गोठ्याच्या खांबापाशी उभी राहिली. दहा फूट बरोबर, ते आता तिच्या पायांना माहीत आहे. हात खाली सोडले, मान वर केली आणि पहिल्या ओळीपासून गायला लागली. या वेळी आवाज काढून. मला ते गाणं शब्दानं शब्द पाठ होतं, पण जवळ उभं राहून, कान उघडे ठेवून, पूर्ण असं पहिल्यांदाच ऐकलं. चांगली गाते हो पोरगी. पोटातून गाते. शेजारच्या दोन बायका कुंपणाशी आल्या. आण्णा तिच्या तोंडावरून नजर न हलवता बसून राहिले, तिसऱ्या कडव्यालाही अडले नाहीत.

गाणं संपलं. आण्णांनी दोर बाजूला ठेवला, खाटेवर नीट मांडी घातली.

“अशी किती हायत?” त्यांनी विचारलं.

प्रांजलनं नऊ बोटं दाखवली.

“मंग म्हन की म्होरलं,” आण्णा म्हणाले.

नऊच्या नऊ म्हणून झाली तेव्हा म्हशी ओरडायला लागल्या होत्या, आणि काकूंना धार काढायला उठायचं भान नव्हतं.